बांड्या, शेपटीवाला आणि ठवकर सर

भिलाईत खिडकीचा कठडा पुसून वळलं की पुन्हा धूळ येऊन बसते. आमच्या लॅबमधले किस्सेही तसेच. एक सांगून संपवावा, चहाचा कप उचलावा, तोवर दुसरा येऊन बसलेला! मैत्रिणी जमल्या की एकीला तरी आठवतंच, "ए प्रणाली, तुमच्या त्या ठवकर सरांचं सांग नं." म्हणून आज सगळे एकदाच झटकून टाकते.

आमची लॅब म्हणजे इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या बाजूची लांबट खोली. भिंतींना काळा फोम, मधोमध थर्माकोलचा खांब आणि समोर दोन अँटेना. माणसं तीन. प्रमुख डॉक्टर ठवकर सर, मूळचे तुमसरकडचे, राहायला दुर्गच्या पद्मनाभपुरात. कॉम्प्युटर सांभाळणारे साहू भैया, पक्के छत्तीसगढी. आणि मोजमाप करणारी मी, प्रणाली लांजेवार, इथल्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्येच वाढलेली.

आमचं काम ऐकायला मोठं होतं. रडारला नुसतं 'काहीतरी येतंय' एवढं कळतं. ते 'काहीतरी' नेमकं काय आहे, हे ओळखायचं!

तिघांपैकी एकही माणूस एका जागी टिकणारा नव्हता. साहू भैया बोलताना पाय हलवायचे, मी नखं खायची, आणि सर तर फिरतच असायचे. सरांची खुर्ची इतकी वर्षं झाली तरी नवीकोरी आहे. बसतीलच कशाला!

* * *

मुलाखतीला मी समीकरणं घोकून गेले होते. सरांनी माझ्या हातातली फाइल बघितलीसुद्धा नाही.

"तिकडं भिंतीकडं तोंड कर."

केलं. मागून आवाज आला, टण्ण!

"कायचा आवाज?"

"स्टीलचा गिलास."

परत टण्ण. "अन् हा?"

"तोच गिलास, सर."

"आता सांग, पयली टिचकी कोणीकडून मारली, अन् दुसरी कोणीकडून?"

मी गोंधळले. "सर, ते आवाजावरून कसं कळन?"

"नाई कळत?"

"नाही."

वाटलं, गेली नोकरी. तर सरांनी टेबलावर अशी थाप मारली की मी दचकून वळलेच.

"नाईच कळत! कोणीकडूनबी मारा, गिलास गिलासासारखाच वाजते! विमानाचंबी तसंच हाय. त्याले रेडिओ लहरीची टिचकी मारायची, अन् ते कसं घुमते ते आयकायचं. तोंड इकडं असो का तिकडं, घडण तीच, त घुमणं तेच. उद्यापासून ये."

मी इतकी खूश झाले की कसं यायचं, किती वाजता यायचं, काहीच विचारलं नाही. कॉरिडॉरच्या टोकाशी पोचले तर मागून सरांची हाक आली.

"लांजेवार! अन् येतांना एक चांगला गिलास आण. याले पोचे पडले!"

* * *

कामाला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात यश आलं. यंत्र चालू केलं की पडद्यावर एक टार्गेट स्वच्छ दिसायचं. ठळक, ठरलेल्या जागी, ठरलेल्या कंपनाचं.

अडचण एवढीच होती की खोलीत काहीच ठेवलेलं नव्हतं!

सर भडकले. खुर्च्या बाहेर काढल्या. टूलबॉक्स काढला. लोखंडी कपाट वॉचमनला धरून चौघांनी मिळून कॉरिडॉरमध्ये ढकललं, तर कॉलेजच्या ऑफिसनं विचारलं, लॅब शिफ्ट करून राहिले का? पंख्याची पाती उतरवली. उन्हाळा ऐन भरात. घामानं निथळत आम्ही पडद्याकडे बघतोय आणि ते भूत आपलं जागच्या जागी घुमतंय.

मग मला एक गोष्ट दिसली. ते सकाळी मी एकटी असताना नसायचं. साहू भैया आले की यायचं. दुपारी जेवायच्या सुट्टीत गायब. जेवण झालं की परत हजर. संध्याकाळी साहू भैया बस पकडायला निघाले की गेलं.

मी सरांना म्हटलं, "सर, हे विमान सरकारी दिसते. जेवायच्या सुट्टीत कामावर राहत नाही!"

आम्ही दोघं बघायला लागलो तसा साहू भैयांचा चेहरा पडला. "अरे दाई! मोला काबर देखथस? मैंने क्या किया?"

केलं काहीच नव्हतं. त्यांच्याजवळ एक फूटभर लांब स्टीलची पट्टी होती. कॉलेजच्या दिवसांपासूनची, जीव की प्राण. आले की ती फोमला टेकून ठेवलेल्या लाकडी स्टुलावर ठेवायचे, आणि कोणी पळवू नये म्हणून जेवायला जातानाही सोबत न्यायचे. यंत्र बिचारं प्रामाणिकपणे त्या पट्टीला ओळखत होतं!

पट्टी बाहेर, भूत बाहेर. कपाट मात्र आत परत आणायला चौघं जमेनात. ते अजून कॉरिडॉरमध्येच आहे.

* * *

आता खरी टार्गेट हवी होती. एक मोठं विमान आणि एक त्याहून लहान, दोन्ही पितळेची, म्हणजे दोघांची घुमण्याची कंपनं वेगळी येतील आणि यंत्रानं ती वेगळी ओळखायची. सरांनी दुर्गमधला एक पितळेचं काम करणारा कारागीर शोधला. चित्र काढून दिलं, मापं समजावली, दर दोन दिवसांनी जाऊन चक्कर मारली. तो म्हणायचा, "साहब, आप टेंशन मत लो. ऐसा बनाऊँगा कि देखते रह जाओगे."

विमानं आली. खरंच देखणी होती. चिंचेनं घासून सोन्यासारखी लखलखीत. पंखांवर बारीक नक्षी. बघतच राहिलो.

कारण दोन्ही तंतोतंत एकाच मापाची होती!

सर पुन्हा पुन्हा एकमेकांशेजारी ठेवून बघत होते. मग त्याला फोन लावला. "अरे बाबा, एक छोटा बोला था न मैंने?"

तो पलीकडून मोठ्या मायेनं म्हणाला, "साहब, जोड़ी में एक छोटा, एक बड़ा अच्छा नहीं लगता. शोकेस में रखोगे तो बराबर चाहिए."

परत करायला वेळ नव्हता. साहू भैयांनी हॅकसॉ काढली. एकाचं शेपूट कापायचं ठरलं. "मी बाहेर थांबतो," सर म्हणाले आणि खरंच कॉरिडॉरमध्ये जाऊन कानांवर हात ठेवून उभे राहिले. कापून झाल्यावर आत आले, त्या शेपूट गेलेल्या विमानावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बांड्या झाला रे माहा."

त्या दिवसापासून एकाचं नाव बांड्या आणि दुसऱ्याचं शेपटीवाला. पुढे सॉफ्टवेअरमध्येही तीच नावं टाकली. यंत्र पडद्यावर दोनच उत्तरं द्यायचं, ठळक अक्षरांत: बांड्या, नाहीतर शेपटीवाला.

* * *

मोबाइलच्या लहरी आमच्या मोजमापात लुडबुड करायच्या. सरांनी फर्मान काढलं, लॅबच्या आसपास फोन बंद! सगळ्यात आधी स्वतःचा बंद केला.

एका सकाळी माप अगदी रंगात आलं होतं. एवढ्यात दारावर थापा. गेटवरचा वॉचमन धावत आला होता.

"सर! मैडम का फोन गेट पर आया है. पूछ रही हैं, गैस बंद किया था क्या?"

सरांच्या घरच्या काकू माहेरी गेल्या होत्या, सर एकटेच घरी होते. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चहा ठेवला होता हे आठवत होतं, उतरवला होता का हे आठवेना. स्कूटर काढली आणि भिलाईहून पद्मनाभपुरापर्यंत असे गेले की रस्त्यातल्या एका ओळखीच्यानं मला नंतर विचारलं, सरांकडं काही बरंवाईट झालं का?

तासाभरानं परत आले. घामाघूम. मी घाबरत विचारलं, "सर, गॅस?"

"बंद होता," सर म्हणाले आणि भिंतीला टेकले. "दार सताड उघडं होतं!"

* * *

आमच्या आईनं क्वार्टरच्या लाइनीत सांगून ठेवलं होतं, "माही पोरगी विमान ओळखते." झालं!

आमच्या शेजारी मेश्राम काकू. काका कारखान्यातून रिटायर झालेले, एकुलता एक मुलगा कतारला. आमच्या लाइनीत आता असंच आहे. घरोघरी आईबाप उरलेत, पोरं बाहेर. मी एकटीच पोरगी उरले म्हणून सगळ्यांची कामं माझ्याकडे. गॅस बुक करून दे, आधारचं बघून दे, व्हिडिओ कॉल लावून दे.

एका संध्याकाळी मी थकून घरी येतेय, तर काकू फाटकात उभ्या. वरून विमान चाललेलं.

"प्रणाली, पाय बरं, हे कोणतं हाय?"

"मले काय माहीत काकू."

"आता कावून नाही माहीत? तुही माय त म्हणते तुले समदं ओळखू येते. आमचा विक्की आज निघणार होता. त्याचं हाय का पाय नं."

मी समजावलं. काकू, आमच्या लॅबमध्ये छोटी पितळेची विमानं असतात. मोठं असं नुसतं पाहून नाही ओळखता येत. अन् विमानात कोण बसलंय हे तर कोणतंच रडार सांगत नाही.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. विमान दूर रायपूरकडे गेलं, आवाज विरला, तरी त्यांची नजर तिकडेच होती. मग फाटक लावत म्हणाल्या, "माणूस ओळखू येत नाही, त सरकार तुले ठेवते कायले?"

* * *

सरांना सवय एकच. दिसेल त्याला टिचकी मारायची. हॉटेलात प्लेट, बँकेत काउंटरची काच, एकदा तर स्मशानात कोणाच्या तरी मर्तिकात पाण्याची घागर! ठवकर काकू म्हणतात, "यायले बाहेर न्यायचं म्हणजे हात बांधूनच न्या लागते."

सरांच्या मुलीचं ठरत होतं. मुलगा रेल्वेत, घर चरोद्याला, रेल्वे कॉलनीत. लोक नागपूरकडचे, भले. काकूंनी निघण्याआधी सरांकडून शपथ घेतली होती. काही वाजवायचं नाही!

हा किस्सा काकूंनीच सांगितलेला, म्हणून खरा.

चहापाणी झालं, बोलणी रंगली. जेवायला बसले. मुलाच्या आईनं खास पाहुण्यांसाठी काशाची जुनी ताटं काढली, त्यांच्या लग्नात आलेली. सरांनी बराच वेळ हात मांडीखाली दाबून धरला होता. पण वरणाची वाट बघताना हात सुटला. टण्‌... आणि आवाज मध्येच बसला.

सर म्हणाले, "ताटाले तडा हाय."

काकूंना वाटलं, जमीन फाटावी आणि नवऱ्याला आधी आत घ्यावं. मुलाचे वडील ताठ बसले. "आमच्या घरात तडा गेलेलं भांडं नसते."

"आवाज लांबला नाही नं," सर सांगू लागले. "काशाचं ताट असं मधीच मुकं होत नाही. तडा दिसत नसन, पण हाय."

"अहो, जेवा नं!" काकू दातओठ खात म्हणाल्या.

तेवढ्यात मुलाची आई वाढायचं भांडं तसंच खाली ठेवून पुढे आली. सरांसमोरचं ताट उचललं, पाणी ओतलं आणि उजेडात धरून नवऱ्यासमोर नेलं. खालून थेंब गळत होता.

"मी लग्नापासून सांगून राहिली, या ताटातून रस्सा गळते म्हणून! या घरात एकानंबी आयकलं का माहं?"

ती सरांकडे वळली आणि डोळ्याला पदर लावत म्हणाली, "पोरगी द्या आमाले. तुमच्या घरची माणसं आयकतात तरी."

जमलं! आणि जावयाला रुखवतात काशाचं नवं ताट गेलं. सरांनी दुकानातली सगळी ताटं वाजवून घेतलेलं.

* * *

हा माझा.

मला भिलाई सोडायची होती. का, विचाराल तर काहीच कारण नाही. सगळे गेले म्हणून. वर्गातले गेले, लाइनीतले गेले, संध्याकाळी सिव्हिक सेंटरला गेलं तर ओळखीचं कोणी दिसेना. त्यातून आमचं काम महिनोन्‌महिने पुढे सरकत नव्हतं. घुमणं फार लवकर विरायचं, हातात यायचं त्यात निम्मा खरखराट. सकाळी बरोबर ओळखलेला शेपटीवाला दुपारी बांड्या व्हायचा. मी रोज नवीन अर्ज करायची आणि रोज फोन तपासायची.

एकदा हैदराबादच्या एका कंपनीचा फोन आला. तुम्ही आम्हाला पाहिजे आहात, कधी येता? मी हवेत! बॅग कोणती न्यायची तेसुद्धा ठरवून टाकलं.

सरांना सांगायला गेले. सर ऐकून नेहमीसारखे फिरायला लागले. दारापर्यंत जाऊन म्हणाले, "जा. जायलेच पायजे. इथं काय हाय?" अँटेनापर्यंत येऊन म्हणाले, "पण मोजमाप कोण घेईन?" परत दारापाशी. "नाही नाही, जा. मी कोण अडवणारा?" मग थर्माकोलच्या खांबाशी येऊन थांबले.

"लांजेवार, आपून टिचकी मारतो तवा पयल्या धडाक्याचं काय करतो?"

"सोडून देतो, सर."

"कावून?"

"तो समोर कोणती बाजू आहे त्यावर बदलते. खरी ओळख त्याच्यानंतर, विरता विरता येते."

"मंग पयल्या धडाक्यात हो म्हणू नको. दोन दिवस थांब. त्यानंतरबी मनात घुमत राहिलं, त माहा आशीर्वाद हाय."

मी थांबले. दोन दिवस जेवण गेलं नाही. लॅबमधून घरी, घरातून गच्चीवर, गच्चीवरून परत खाली. आई म्हणाली, "एका जागी बस नं वो बाई, चक्कर येऊन राहिली मले." शेवटी मनानं घेतलं की जायचंच. कंपनीला फोन लावला.

ती जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला देऊन टाकली होती!

रडत सरांकडे गेले. वाटलं, आता तरी त्यांना वाईट वाटेल. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्यासमोर पाण्याचा गिलास सरकवला आणि म्हणाले, "पाय, सिग्नलच कमजोर होता."

* * *

आणि हा रिव्ह्यूचा.

प्रकल्प चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला समिती येणार होती. बंद झाला असता तर साहू भैयांना दुसरं काम शोधावं लागलं असतं, मलाही, आणि सरांचं तर अख्खं आयुष्य त्या फोमच्या खोलीत गेलेलं. प्रकल्प पुढे चालू राहिला, हे आताच सांगून टाकते. सांगण्यासारखं ते नाहीच.

समितीत दोघं. अध्यक्ष उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे. उभं आयुष्य रडारवर काढून निवृत्त झालेले, बालपण नागपूरचं, म्हणून मराठी बोलायचे. हा माणूस अजिबात हलायचा नाही. पापणीसुद्धा जपून. दुसरे सदस्य एकदम उलटे. गोलमटोल, हसरे, तेही निवृत्त. सरांचं भाषण चालू असताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. समोसे मात्र मन लावून खाल्ले, चटणी परत मागून घेतली. साहू भैया माझ्या कानात म्हणाले, "ये वाले तो पास कर देंगे. डर उस मूँछ वाले का है."

परीक्षा साधी होती. खांबासमोर सुती पडदा. लहरी त्यातून आरपार जातात, माणसाला मात्र दिसत नाही. कॉलेजचा एक प्राध्यापक पडद्याआड बांड्या किंवा शेपटीवाला ठेवणार, वाटेल त्या दिशेला तोंड करून. आम्ही न बघता ओळखायचं.

बांड्या. बरोबर! शेपटीवाला. बरोबर! परत शेपटीवाला, या वेळी तिरका. बरोबर! मी नखं खायची थांबले. साहू भैयांचा पाय थांबला. सर मात्र मागे येरझारा घालतच होते.

मग अध्यक्ष उठले. "आता मी ठेवतो. तुम्ही सगळे इकडं या."

आम्ही सगळे कॉम्प्युटरपाशी आलो. ते आत जाऊन आले. मी माप घेतलं. स्क्रीनवर ठळक अक्षरं आली: बांड्या.

साहू भैया कुजबुजले, "बोल दो सर, बांड्या."

सर स्क्रीनवरची रेषा बघत होते. कंपन बांड्याच्या जवळ होतं खरं, पण फारच लवकर विरत होतं. मलाही ते दिसलं. दोनच उत्तरं देणारं यंत्र आम्ही बनवलं होतं. तिसरंही काही येऊ शकेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सरांची येरझार थांबली. इतक्या वर्षांत मी त्यांना असं निश्चल उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"साहेब, मशीन बांड्या म्हणते. मी नाही म्हणत."

"मग शेपटीवाला?"

"तोबी नाही."

"मग काय आहे?"

"माहीत नाही."

अध्यक्ष उभेच होते. "डॉक्टर, समजा हे खरं विमान आहे. तुमच्याकडेच येतंय. वायरलेसवर उत्तर देत नाही. तोफेवरचा माणूस तुम्हाला विचारतोय, आपला का परका? एक शब्द पाहिजे."

"त्याले म्हणा, बोट काढ. ओळख पटली नाही."

"वरचे साहेब ओरडताहेत. तुमचं यंत्र उत्तर देतंय, तुम्ही देत नाही. सगळं बंद करून टाकतील."

मी सरांकडे बघितलं. मनातल्या मनात म्हणत होते, सर, बांड्या म्हणून टाका नं! सरांचे शब्द तेच होते.

"करू द्या बंद. माहीत नाही म्हणजे माहीत नाही."

अध्यक्ष पडद्याआड गेले आणि हातात एक स्टीलचा थर्मास घेऊन बाहेर आले. त्यांचा स्वतःचा, चहाचा.

साहू भैया मटकन खाली बसले. मला हसू येत होतं आणि रडूही. सरांनी कपाळ पुसलं आणि कितीतरी वर्षांनी त्या नव्याकोऱ्या खुर्चीत जाऊन बसले.

अध्यक्षांनी थर्मासमधून चहा ओतला, पहिला कप सरांना दिला. मग म्हणाले, "मी तरुण होतो तेव्हा सरहद्दीवरच्या एका ठाण्यावर होतो. स्क्रीनवर एक ठिपका आला. वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाही. माझे साहेब मागे उभे राहून ओरडत होते, बोल, आपला का परका? मी म्हणत होतो, माहीत नाही सर. ते म्हणाले, माहीत नाही हे उत्तर नसतं! मी तरी तेच म्हणत राहिलो. ठिपका जवळ येत होता."

ते थांबले.

मला राहवेना. "मग सर? कोण होतं त्याच्यात?"

अध्यक्षांनी नुसती मान वळवून दुसऱ्या सदस्यांकडे पाहिलं. ते रुमालाला बोटांवरची चटणी पुसत होते. चटणी मागण्यापलीकडे पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडलं.

"रेडियो खराब हो गया था मेरा, बेटा. उस बिंदी में मैं बैठा था."